अब्राहम-लुई ब्रेगे

अब्राहम-लुई ब्रेगे (१० जानेवारी, १७४७ – १७ सप्टेंबर, १८२३) हे न्यूशातेल येथे जन्मलेले आणि पॅरिस येथे कार्यरत असलेले घड्याळनिर्माते व संशोधक होते. यांत्रिक घड्याळांच्या इतिहासातील अग्रगण्य कारागिरांमध्ये त्यांची गणना होते. आपोआप चावी मिळणारे खिशातील घड्याळ, धक्क्यापासून आसाच्या टोकांचे रक्षण करणारी रचना, हेअरस्प्रिंगचे वर उचललेले बाह्य वळण आणि तुर्बियाँ ही त्यांची प्रमुख कामे होत.

घड्याळ आडवे ठेवले, उभे धरले किंवा उलटे केले की त्याची चाल थोडीशी बदलते. हा दोष सर्व यांत्रिक घड्याळांत कमी-अधिक प्रमाणात असतो. त्याला स्थितिजन्य त्रुटी म्हणता येईल. ब्रेगे यांच्या दोन महत्त्वाच्या शोधांचा संबंध याच त्रुटीशी आहे. तुर्बियाँ या यंत्रणेसाठी त्यांना २६ जून, १८०१ रोजी फ्रान्समध्ये एकस्व (पेटंट) मिळाले.

बालपण आणि शिक्षण

ब्रेगे यांचा जन्म न्यूशातेल येथे एका प्रोटेस्टंट कुटुंबात झाला. न्यूशातेल आज स्वित्झर्लंडमध्ये असले तरी त्या काळी ते प्रशियाच्या राजाच्या अधिपत्याखालील एक संस्थान होते. अब्राहम-लुई अकरा वर्षांचे असताना १७५८ मध्ये त्यांचे वडील जोनास-लुई यांचे निधन झाले. त्यांच्या आईने पुढे जोझेफ ताते यांच्याशी विवाह केला. ताते यांच्या घराण्याचा व्यवसाय घड्याळांचा होता आणि पॅरिसमध्ये त्यांचे विक्रीचे दालन होते. मुलाचे शालेय शिक्षण लवकर थांबले व तो सावत्र वडिलांच्या हाताखाली घड्याळाचे काम शिकू लागला.

वयाच्या पंधराव्या वर्षी, १७६२ मध्ये, त्यांना फ्रान्समध्ये व्हर्साय येथे एका घड्याळजीकडे उमेदवारीसाठी पाठवण्यात आले. व्हर्साय हे फ्रान्सच्या राजदरबाराचे ठिकाण असल्याने उत्तम कारागिरांचा तेथे राबता असे. याच काळात पॅरिसमधील माझारँ महाविद्यालयात ते गणिताच्या सायंवर्गांना जात. तेथील अध्यापक आबे जोझेफ-फ्रांस्वा मारी यांचे लक्ष या हुशार विद्यार्थ्याकडे गेले आणि त्यांच्यामुळे ब्रेगे यांचा दरबारी वर्तुळाशी परिचय झाला. फेर्दिनाँ बेर्तू आणि जाँ-आंत्वान लेपिन या तत्कालीन नामवंत घड्याळनिर्मात्यांच्या कामाचाही त्यांच्यावर प्रभाव पडला. बेर्तू हे सागरी घड्याळांचे जाणकार होते, तर लेपिन यांनी खिशातील घड्याळ पातळ करणारी नवी रचना रूढ केली होती. अचूकता आणि सुबकता हे दोन्ही गुण ब्रेगे यांच्या पुढील कामात एकत्र दिसतात.

पॅरिसमधील कार्यशाळा

ब्रेगे यांनी १७७५ मध्ये सेसील लुइलिए यांच्याशी विवाह केला आणि त्याच वर्षी स्वतःची कार्यशाळा सुरू केली. ही कार्यशाळा सीन नदीतील इल द ला सिते या बेटावर, के द लोर्लोज या घाटरस्त्यावर होती. या नावाचा अर्थच ‘घड्याळाचा घाट’ असा होतो. १७७६ मध्ये त्यांना आंत्वान-लुई हा मुलगा झाला. १७८० मध्ये सेसील यांचे अकाली निधन झाले. ब्रेगे यांनी पुन्हा विवाह केला नाही.

आपोआप चावी मिळणाऱ्या घड्याळांमुळे त्यांचे नाव प्रथम गाजले. घड्याळ बाळगणारी व्यक्ती चालू लागली की आतील एक वजन वरखाली झुलते आणि त्या हालचालीने मुख्य कमान गुंडाळली जाते, अशी ही रचना होती. या कल्पनेचे आद्य श्रेय बहुधा अब्राहम-लुई पेरले या स्विस कारागिराला दिले जाते. मात्र तिला रोजच्या वापरात भरवशाचे रूप देण्याचे काम ब्रेगे यांनी केले. या प्रकारचे घड्याळ त्यांनी १७८० मध्ये ऑर्लेआँच्या ड्यूकला दिले. पुढे राणी मारी आंत्वानेतही त्यांची ग्राहक झाली.

१७८३ च्या सुमारास त्यांनी ठोके देणाऱ्या घड्याळांतील घंटेऐवजी वळवलेली पोलादी तार वापरली. त्यामुळे अशी घड्याळे पुष्कळ पातळ झाली आणि त्यांचा नादही मधुर झाला. टोकाजवळ पोकळ वर्तुळ असलेले नाजूक काटे, बारीक नक्षी कोरलेल्या तबकड्या आणि किंचित तिरपे अंक ही त्यांच्या घड्याळांची ओळख ठरली. नक्षीचा उपयोग केवळ शोभेचा नव्हता. तबकडीवरील चकाकी कमी होऊन काटे स्पष्ट दिसावेत, हाही तिचा हेतू होता. या काट्यांना आजही घड्याळ-व्यवसायात ब्रेगे काटे असेच म्हणतात.

१७९० मध्ये त्यांनी ‘पारा-श्यूत’ ही रचना तयार केली. संतुलनचक्राच्या आसाची टोके केसासारखी बारीक असतात. घड्याळ हातातून पडले की ती सर्वप्रथम मोडतात. ब्रेगे यांनी या टोकांना शंकूसारखा आकार दिला आणि त्यांना आधार देणारे माणिक एका लवचीक पट्टीवर बसवले. धक्का बसताच पट्टी किंचित वाकते आणि आघात शोषून घेते. आजच्या मनगटी घड्याळांतील धक्कारोधक व्यवस्थेचे मूळ या रचनेत आहे.

घड्याळाची स्थिती आणि चाल

ब्रेगे यांच्या पुढील कामाचे महत्त्व समजण्यासाठी यांत्रिक घड्याळाची रचना थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. चावी दिल्यावर मुख्य कमानीत साठलेली शक्ती दातेरी चक्रांच्या मालिकेतून एस्केपमेंट या यंत्रणेपर्यंत पोहोचते. एस्केपमेंट ती शक्ती तुकड्यातुकड्याने संतुलनचक्राला (बॅलन्स व्हील) देते. संतुलनचक्राच्या आसावर सर्पिल आकाराची अतिशय बारीक कमान असते. तिला हेअरस्प्रिंग म्हणतात. या कमानीमुळे चक्र एकदा एका बाजूला आणि एकदा दुसऱ्या बाजूला फिरत राहते. या झोक्यांवरच घड्याळाची वेळ अवलंबून असते.

एका दिवसात ८६,४०० सेकंद असतात. ताशी १८,००० ठोके देणाऱ्या घड्याळात दिवसाला ४,३२,००० ठोके पडतात. असे घड्याळ दिवसाला १० सेकंद पुढे गेले, तर एवढ्या ठोक्यांत केवळ ५० ठोक्यांचा फरक पडलेला असतो. यावरून किती सूक्ष्म कारणांनी चाल बिघडू शकते याची कल्पना येते.

घड्याळाच्या स्थितीचा परिणाम मुख्यतः दोन प्रकारे होतो. पहिले कारण घर्षणाचे आहे. घड्याळ टेबलावर आडवे असते तेव्हा संतुलनचक्राचा आस उभा असतो आणि त्याचे एकच गोलसर टोक खालच्या माणकावर टेकलेले असते. घर्षण कमी असल्याने चक्राचा झोका मोठा असतो. घड्याळ उभे केले की आस आडवा होतो, त्याची दोन्ही टोके माणकांच्या छिद्रांत कडेवर विसावतात, घर्षण वाढते आणि झोका लहान होतो. झोका लहान असो वा मोठा, प्रत्येक झोक्याला लागणारा वेळ अगदी सारखा असता, तर याने काही बिघडले नसते. प्रत्यक्षात एस्केपमेंटचा अडथळा आणि हेअरस्प्रिंगची असमान हालचाल यांमुळे हा वेळ काही अंशी बदलतो. म्हणून आडव्या व उभ्या स्थितीत घड्याळाची चाल वेगळी पडते.

दुसरे कारण समतोलाचे आहे. संतुलनचक्र व त्याची कमान यांचा गुरुत्वमध्य आसावर अचूक असावा लागतो. चक्राची एक बाजू अगदी किंचित जड राहिली, तरी उभ्या स्थितीत गुरुत्वाकर्षण त्या बाजूला खाली ओढते. जड भाग विश्रांतीच्या वेळी तळाशी असेल आणि झोका लहान असेल, तर ही ओढ कमानीला साहाय्य करते व घड्याळ पुढे जाते. तोच भाग वरच्या बाजूस असेल, तर घड्याळ मागे पडते. झोका दोन्ही बाजूंना साधारण २२० अंशांपेक्षा मोठा झाला की हा परिणाम नेमका उलटतो. घड्याळ आडवे असताना मात्र गुरुत्वाकर्षणाची दिशा आसाला समांतर असल्याने समतोलाचा दोष जाणवत नाही.

अठराव्या शतकातील खिशातील घड्याळ दिवसभर खिशात उभे असे आणि रात्री बहुधा आडवे ठेवले जाई किंवा खिळ्याला टांगले जाई. त्यामुळे एकाच दिवसात त्याची चाल बदले. जहाजावरील क्रोनोमीटरच्या बाबतीत हा प्रश्न वेगळ्या मार्गाने सोडवण्यात आला. ते पेटीत फिरत्या कड्यांवर बसवले जाई, त्यामुळे जहाज कितीही डोलले तरी त्याची तबकडी वरच राहत असे. खिशातील घड्याळाला ही सोय नव्हती.

अचूक वेळेची गरज त्या काळी केवळ हौसेची नव्हती. समुद्रात रेखांश ठरवण्यासाठी एखाद्या ठरावीक बंदराची वेळ माहीत असावी लागे. पृथ्वी ४ मिनिटांत १ अंश फिरते. म्हणजे घड्याळात ४ सेकंदांची चूक झाली, तर विषुववृत्तावर जहाजाचे स्थान सुमारे १.८५ किलोमीटरने चुकते. दिवसाला काही सेकंदांची चूक अनेक आठवडे साठत गेली, तर जहाज खडकावर आदळण्याचा धोका असे.

फ्रेंच राज्यक्रांती आणि स्थलांतर

१७८९ मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीला सुरुवात झाली. ब्रेगे यांचे अनेक ग्राहक राजघराण्यातील व उमराव वर्गातील होते. त्यामुळे पुढील काळात त्यांची स्थिती अवघड झाली. क्रांतीचे एक नेते जाँ-पॉल मारा हेही न्यूशातेल परिसरातले होते आणि दोघांचा जुना परिचय होता. एकदा मारा यांच्या मागे लागलेला जमाव घराबाहेर जमला असताना ब्रेगे यांनी त्यांना म्हातारीचा वेष देऊन हातात हात घालून बाहेर नेले, अशी आख्यायिका सांगितली जाते. १७९३ मध्ये ब्रेगे यांच्यावर संकट आले, तेव्हा मारा यांच्याच साहाय्याने त्यांना देशाबाहेर जाण्याचा परवाना मिळाला, असे त्यांचे चरित्रकार मानतात. मारा यांची १३ जुलै, १७९३ रोजी हत्या झाली. त्याच वर्षी १६ ऑक्टोबर रोजी राणी मारी आंत्वानेत हिला देहदंड देण्यात आला.

ब्रेगे यांनी पॅरिस सोडले आणि सुमारे दोन वर्षे स्वित्झर्लंडच्या परिसरात काढली. जिनिव्हा, न्यूशातेल व ल लोक्ल येथे त्यांचे वास्तव्य होते. मोठी कार्यशाळा आणि नेहमीचे ग्राहक नसल्याने हा काळ आर्थिकदृष्ट्या कठीण होता. मात्र नव्या रचनांचा विचार करण्यास त्यांना याच काळात सवड मिळाली. तुर्बियाँची कल्पना या वास्तव्यात आकाराला आली असे मानले जाते.

१७९५ मध्ये ते पॅरिसला परतले आणि त्यांनी व्यवसाय नव्याने उभारला. जुना उमराव वर्ग विखुरला होता. त्यामुळे त्यांनी ‘सुस्क्रिप्सियाँ’ या नावाने साधे, एकच काटा असलेले, तुलनेने स्वस्त घड्याळ काढले. त्यासाठी किमतीचा चौथा हिस्सा आगाऊ घेतला जाई आणि त्या रकमेतून काम सुरू होई. अंधारात बोटांनी चाचपून वेळ समजेल असे घड्याळही त्यांनी याच दशकाच्या अखेरीस तयार केले. त्यांच्या नावाची बनावट घड्याळे बाजारात येऊ लागल्याने त्यांनी तबकडीवर अतिशय सूक्ष्म गुप्त स्वाक्षरी कोरण्यास प्रारंभ केला. ती केवळ तिरप्या प्रकाशातच दिसते.

हेअरस्प्रिंगचे वर उचललेले वळण

सपाट हेअरस्प्रिंग उघडताना व मिटताना सर्व बाजूंनी सारखी पसरत नाही. तिचे बाहेरचे टोक एका जागी घट्ट बसवलेले असल्याने कमान एका बाजूला अधिक फुगते. तिचा गुरुत्वमध्य सरकतो आणि आसाच्या टोकांवर बाजूने दाब येतो. यामुळे घर्षण वाढते व घड्याळाच्या स्थितीचा परिणाम अधिक तीव्र होतो.

ब्रेगे यांनी १७९५ च्या सुमारास यावर उपाय योजला. त्यांनी कमानीचे सर्वांत बाहेरचे वळण उर्वरित कमानीच्या वर उचलले आणि ते आतल्या बाजूस वळवून बसवले. त्यामुळे कमान आसाभोवती जवळजवळ समकेंद्री राहून उघडते-मिटते. जॉन अर्नॉल्ड यांनी इंग्लंडमध्ये नळीसारख्या गुंडाळलेल्या कमानीची टोके आत वळवून असाच परिणाम साधला होता. पण तशी उंच कमान पातळ घड्याळात मावत नसे. ब्रेगे यांच्या रचनेने सपाट कमानीचा पातळपणा राखून तो लाभ मिळवला. हे वळण नेमके कोणत्या आकाराचे असावे, याचे गणित पुढे १८६१ मध्ये एदुआर फिलिप्स या फ्रेंच अभियंत्याने मांडले. ‘ब्रेगे ओव्हरकॉइल’ या नावाने ओळखली जाणारी ही रचना आजही उच्च प्रतीच्या घड्याळांत वापरली जाते.

तुर्बियाँ

हेअरस्प्रिंग सुधारली, तरी संतुलनचक्राचा समतोल पूर्णपणे निर्दोष करणे शक्य नव्हते. शिवाय त्या काळचे तेल काही महिन्यांत घट्ट होई आणि घर्षण असमान होई. ब्रेगे यांनी या दोषाकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले. दोष नाहीसा करता येत नसेल, तर तो सर्व दिशांना सारखा वाटून टाकावा, असा त्यांचा विचार होता.

त्यांनी संतुलनचक्र, हेअरस्प्रिंग आणि एस्केपमेंट हे तिन्ही भाग एका हलक्या पिंजऱ्यात बसवले आणि तो पिंजराच सतत स्वतःभोवती फिरता ठेवला. पिंजऱ्याखाली एक दातेरी चक्र स्थिर बसवलेले असते. पिंजरा फिरू लागला की एस्केपमेंटच्या चक्राचे छोटे दातेरी चाक या स्थिर चक्राभोवती फिरते आणि त्यातून संतुलनचक्राला शक्ती मिळते. पिंजरा सामान्यतः मिनिटाला एक फेरी पूर्ण करतो. ब्रेगे यांनी चार व सहा मिनिटांत फिरणारे पिंजरेही तयार केले.

घड्याळ उभे असताना संतुलनचक्राचा जड भाग या फेरीत क्रमाने खाली, बाजूला, वर आणि पुन्हा खाली येतो. एका अर्ध्या फेरीत घड्याळ जेवढे पुढे जाते, जवळजवळ तेवढेच ते दुसऱ्या अर्ध्या फेरीत मागे पडते. त्यामुळे फेरीअखेर चूक बव्हंशी शून्यावर येते. आसाची टोकेही छिद्राच्या एकाच कडेवर न घासता सर्व बाजूंनी सारखी घासली जातात. एकस्वासाठी केलेल्या अर्जात ब्रेगे यांनी गुरुत्वमध्याची चूक भरून काढणे आणि घर्षण व तेल सर्वत्र सारखे राखणे, असे दोन्ही लाभ नमूद केले होते. एकस्वाची मुदत १० वर्षांची होती.

तुर्बियाँ या फ्रेंच शब्दाचा रूढ अर्थ भोवरा किंवा वावटळ असा आहे. जुन्या फ्रेंच वैज्ञानिक लेखनात तो एका केंद्राभोवती फिरणाऱ्या ग्रहमालेसाठीही वापरला जाई. ब्रेगे यांना हा दुसरा अर्थ अभिप्रेत असावा, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

मर्यादा

तुर्बियाँमुळे उभ्या स्थितींमधील परस्परांतला फरक कमी होतो. घड्याळ आडवे ठेवले असता पिंजरा फिरत असला तरी जड भागाची गुरुत्वाकर्षणाच्या संदर्भातील जागा बदलत नाही. म्हणून आडव्या व उभ्या स्थितीतील फरकावर या यंत्रणेचा परिणाम होत नाही. तो फरक हेअरस्प्रिंगचा आकार, आसाच्या टोकांची घडण आणि एस्केपमेंट यांच्या साहाय्यानेच कमी करावा लागतो. तापमानामुळे पडणारा फरकही तुर्बियाँ दूर करत नाही.

पिंजरा प्रत्येक ठोक्याला थांबतो आणि पुन्हा चालू होतो. त्यासाठी अधिक शक्ती खर्च होते. पिंजरा जड झाला तर संतुलनचक्राचा झोका घटतो आणि लाभापेक्षा हानी अधिक होते. त्यामुळे ही रचना अत्यंत हलकी व सुबक असावी लागते. एकस्व १८०१ मध्ये मिळाले असले तरी पहिले तुर्बियाँ घड्याळ ग्राहकाला १८०५ मध्ये विकले गेले. ब्रेगे यांच्या हयातीत १८०५ ते १८२३ या काळात अशी केवळ ३५ घड्याळे विकली गेली. एकस्वाची मुदत संपल्यावरही फार थोड्या कारागिरांनी ही रचना हाती घेतली.

जॉन अर्नॉल्ड यांच्याशी स्नेह

इंग्लंडमधील प्रसिद्ध क्रोनोमीटर-निर्माते जॉन अर्नॉल्ड (मृत्यू १७९९) आणि ब्रेगे हे एकाच क्षेत्रातील स्पर्धक होते. तरीही त्यांचे संबंध स्नेहाचे होते. ब्रेगे यांनी आपला मुलगा आंत्वान-लुई याला शिक्षणासाठी अर्नॉल्ड यांच्याकडे लंडनला पाठवले होते आणि अर्नॉल्ड यांचा मुलगा जॉन रॉजर पॅरिसला ब्रेगे यांच्याकडे शिकला. अर्नॉल्ड यांच्या निधनानंतर ब्रेगे यांनी अर्नॉल्ड यांच्याच एका घड्याळात आपली तुर्बियाँ बसवली आणि १८०८ मध्ये ते जॉन रॉजर यांना भेट दिले. दिवंगत मित्राच्या स्मरणार्थ ही भेट दिल्याचा उल्लेख त्यावर कोरलेला आहे. हे घड्याळ आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. फ्रान्स आणि ब्रिटन यांच्यात युद्ध चालू असतानाची ही घटना आहे.

ग्राहक आणि सन्मान

नेपोलियन बोनापार्ट याने १७९८ मध्ये इजिप्तच्या मोहिमेपूर्वी ब्रेगे यांच्याकडून प्रवासी घड्याळासह तीन घड्याळे घेतली. मुत्सद्दी तालेराँ, रशियाचा झार पहिला अलेक्झांडर, ब्रिटनचा राजा तिसरा जॉर्ज आणि ड्यूक ऑफ वेलिंग्टन हेही त्यांचे ग्राहक होते. नेपोलियनची बहीण व नेपल्सची राणी कॅरोलिन म्युरा हिने १८१० मध्ये मनगटावर बांधण्यासाठी घड्याळ मागवले. ते १८१२ मध्ये पूर्ण झाले. मनगटी घड्याळ म्हणून खास बनवलेल्या सर्वांत जुन्या ज्ञात घड्याळांत त्याचा समावेश होतो. त्याची नोंद कंपनीच्या वह्यांत आहे, मात्र मूळ घड्याळ आज उपलब्ध नाही. अलेक्सांद्र पुश्किन यांच्या ‘येवगेनी अनेगिन’ या पद्यकादंबरीतही ब्रेगे घड्याळाचा उल्लेख येतो.

१८०७ मध्ये त्यांनी मुलाला व्यवसायात भागीदार करून घेतले. १८१४ मध्ये ते फ्रान्सच्या रेखांश मंडळाचे (ब्यूरो दे लाँजित्यूद) सदस्य झाले. १८१५ मध्ये त्यांची फ्रेंच शाही नौदलाचे घड्याळनिर्माते म्हणून नेमणूक झाली. १८१६ मध्ये त्यांना फ्रेंच विज्ञान अकादमीचे सदस्यत्व मिळाले. राजा अठरावा लुई याने १८१९ मध्ये त्यांना लेजियाँ दॉनर हा सन्मान दिला. राजेशाही, क्रांती, साम्राज्य आणि पुन्हा राजेशाही अशा चारही राजवटींत त्यांची कार्यशाळा मान्यता पावली. अर्बन युर्गेनसन या डॅनिश घड्याळनिर्मात्यासह अनेक परदेशी कारागीर त्यांच्याकडे शिकून गेले.

घड्याळ क्रमांक १६०

१७८३ मध्ये राणी मारी आंत्वानेत हिच्यासाठी एका विलक्षण घड्याळाची मागणी नोंदवण्यात आली. त्या काळी ज्ञात असलेल्या सर्व सोयी त्यात असाव्यात, शक्य तेथे इतर धातूंऐवजी सोने वापरावे आणि खर्च व कालावधी यांचे बंधन नसावे, अशा अटी होत्या. आपोआप चावी, ठोके, कायमस्वरूपी दिनदर्शिका, सूर्याची वेळ व घड्याळाची वेळ यांतील फरक, तापमापक इत्यादी सोयी त्यात आहेत. हे घड्याळ १८२७ मध्ये पूर्ण झाले. तेव्हा राणीच्या मृत्यूला ३४ वर्षे आणि ब्रेगे यांच्या मृत्यूला चार वर्षे झाली होती. पुढे ते ब्रिटिश संग्राहक सर डेव्हिड सॉलोमन्स यांच्याकडे आले व नंतर जेरुसलेम येथील एका संग्रहालयात ठेवले गेले. तेथून १९८३ मध्ये ते चोरीस गेले. ते परत मिळाल्याचे २००७ मध्ये जाहीर झाले.

मृत्यू आणि वारसा

ब्रेगे यांचे १७ सप्टेंबर, १८२३ रोजी पॅरिस येथे निधन झाले. पेर लाशेझ दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले. त्यांच्यानंतर मुलगा आंत्वान-लुई आणि नातू लुई-क्लेमाँ (१८०४–१८८३) यांनी व्यवसाय सांभाळला. लुई-क्लेमाँ यांनी विजेच्या तारायंत्रावर महत्त्वाचे काम केले. आयफेल टॉवरवर कोरलेल्या ७२ नावांतील ब्रेगे हे नाव त्यांचे आहे. १८७० मध्ये घड्याळांचा व्यवसाय कारखान्यातील एडवर्ड ब्राउन यांच्याकडे गेला. विमानविद्येतील फ्रेंच अग्रणी लुई शार्ल ब्रेगे (१८८०–१९५५) हे याच घराण्यातील होते. ब्रेगे हे घड्याळाचे नाव १९९९ पासून स्वॉच समूहाकडे आहे.

स्थितिजन्य त्रुटीचा अभ्यास ब्रेगे यांच्यानंतरही चालू राहिला. १८९२ मध्ये बाने बोनिक्सेन या मूळच्या डॅनिश कारागिराने इंग्लंडमध्ये ‘कॅरूसेल’ या अधिक मजबूत व संथ फिरणाऱ्या यंत्रणेचे एकस्व घेतले. वेधशाळांच्या स्पर्धांत घड्याळे वेगवेगळ्या स्थितींत ठेवून त्यांची चाल मोजली जाई. आजही स्वित्झर्लंडमधील अधिकृत क्रोनोमीटर चाचणीत यांत्रिक घड्याळ १५ दिवस पाच स्थितींत आणि तीन तापमानांत तपासले जाते. त्याची सरासरी दैनिक चाल ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे या मर्यादेत असावी लागते.

मनगटी घड्याळाची स्थिती दिवसभर बदलत असल्याने त्यात तुर्बियाँची गरज पूर्वीएवढी राहिलेली नाही. आता ती प्रामुख्याने कारागिरीचे प्रतीक म्हणून बनवली जाते. मूळ प्रश्न मात्र प्रत्येक यांत्रिक घड्याळात कायम आहे. दिवसा काही सेकंद पुढे जाणारे घड्याळ रात्री ज्या स्थितीत मागे पडते त्या स्थितीत ठेवले, तर सकाळपर्यंत चूक बरीचशी भरून निघते. एका स्थितीतील चूक दुसऱ्या स्थितीतील चुकीने फेडण्याचे हेच तत्त्व ब्रेगे यांनी दर मिनिटाला फिरणाऱ्या पिंजऱ्यात बसवले होते.